डाय काढून परत बसवली की सेटिंग हलतं: क्विक-चेंज बुशचं काय चुकतंय?

सग्वारो

नमस्कार मंडळी. विषय इथल्या नेहमीच्या विषयांपेक्षा वेगळा आहे, पण परदेशात राहून नेमबाजी करणारे काही जण इथे आहेत हे माहीत आहे, आणि यंत्रं-अवजारं जाणणारे तर भरपूर आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मी ॲरिझोनात फिनिक्सच्या उत्तरेला राहतो. गेली चार वर्षं काडतुसं घरी भरतो. इथे स्वतःपुरती भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. गॅरेजमधल्या ओट्याला एक साधी सिंगल-स्टेज प्रेस पक्की केलेली आहे. एक दांडा, एक रॅम (दांड्याने वरखाली होणारा दट्ट्या), वर एकच डाय, म्हणजे पुंगळीला आकार देणारा साचा, बसेल एवढी जागा. दोन काडतुसं भरतो: रायफलचं ६.५ क्रीडमूर आणि रिव्हॉल्व्हरचं .३८ स्पेशल.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बार उडाला की पितळेची रिकामी पुंगळी उरते. उडताना ती चेंबरभर, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेभर, फुगलेली असते. तिला पुन्हा मापात आणणारी एक डाय असते, तिला साइझिंग डाय म्हणतात. मग नवा प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी वाटी), मग दारू, आणि शेवटी गोळी बसवणारी सीटिंग डाय. रिव्हॉल्व्हरच्या सरळ पुंगळीला मध्ये आणखी एक डाय लागते, गोळी शिरावी म्हणून तोंड किंचित उघडणारी. या सगळ्या डायना बाहेरून एकाच मापाचे आटे असतात, व्यास ७/८ इंच आणि इंचात १४ आटे. त्यामुळे कुठल्याही कंपनीची डाय बहुतेक कुठल्याही प्रेसमध्ये बसते.

पूर्वी मी डाय पिळून काढायचो, दुसरी पिळून बसवायचो. दोन वर्षांपूर्वी प्रेस बदलली तेव्हा क्विक-चेंज बुश, म्हणजे डाय धरणाऱ्या झटपट बदलायच्या कड्या, आले. प्रत्येक डाय आपापल्या बुशमध्ये कायमची बसलेली. बुशच्या बाहेरच्या अंगाला तुटक दात आहेत. तो वरून खाली सोडायचा, थोडासा फिरवायचा, की दात प्रेसमधल्या खाचांत अडकतात. काढताना उलटं. पाच सेकंदांचं काम. मला मुलगी झोपल्यावर तास-दीड तास मिळतो, त्यातली वीस मिनिटं पूर्वी डाय लावण्यात जायची. म्हणून या बुशवर माझा फार जीव आहे, आणि म्हणूनच जे झालं ते मनाला लागलंय.

गेल्या महिन्यात ६.५ ची चाळीस काडतुसं भरून बेन ॲव्हरी रेंजवर गेलो. चाळिसातल्या सात काडतुसांवर बोल्ट (काडतूस आत ढकलून रायफलचं मागचं तोंड बंद करणारा दट्ट्या) नीट बंद होईना. दांडी खाली यायच्या आधीच अडायची. जोर लावला नाही. ती सात बाजूला डबीत ठेवली, घरी आणून गोळ्या उपसल्या, दारू काढून घेतली आणि पुंगळ्या मोजल्या.

मोजायची माझी पद्धत अशी. कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा मोजणीचा तुकडा) लावतो आणि पुंगळीच्या बुडापासून खांद्यावरच्या, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते त्या उतारावरच्या, ठरलेल्या रेषेपर्यंतचं अंतर घेतो. याच रायफलीत उडालेल्या पुंगळीवर कॅलिपर शून्य करतो. साइझिंग झाल्यावर मला तिथे उणे २ थाऊ दिसायला हवेत, म्हणजे खांदा इंचाचे दोन हजारांश मागे. त्या सातांत बहुतेक शून्य दाखवत होत्या. खांदा मागे गेलाच नव्हता.

मग आठवलं. शुक्रवारी रात्री तेहेतीस पुंगळ्या साइझ केल्या. मग .३८ चं थोडं काम उरकायचं म्हणून ती डाय काढली. रविवारी परत बसवून उरलेल्या सात केल्या, आणि त्या मोजल्या नाहीत. बुश आहे, सेटिंग तेच असणार, असं धरून चाललो.

काल प्रयोग केला. डाय पुन्हा उणे २ वर आणली. मग सहा वेळा बुशसकट काढली, सहा वेळा बसवली, आणि दरवेळी एकेक नवी पुंगळी साइझ केली. पुंगळ्या एकाच लॉटच्या, सगळ्या तीनदाच उडालेल्या. आकडे क्रमाने असे आले: उणे २, उणे २, उणे १, उणे १, शून्य, शून्य.

बुश झिजला का? नवा घेऊ? का हे सगळं सोडून पुन्हा पिळून बसवायच्या मार्गाला लागू?

ब्रॅझोसकाठ

डायवरची लॉक रिंग, म्हणजे डायला ठरल्या उंचीवर धरून ठेवणारी कडी, कोणती आहे? ते आधी सांग. काही डायसोबत येणाऱ्या रिंगला आत रबरी ओ-रिंग असते आणि नुसत्या घर्षणावर ती धरून राहते. साध्या प्रेसमध्ये ती चालते, कारण डाय आटे भरून फिरवतानाच हाताला अंदाज येतो. बुशमध्ये मात्र डायने हलताच कामा नये. कापलेली रिंग आणि तिला आवळणारा आडवा स्क्रू, असल्याच रिंगा घे. माझ्या सगळ्या डायना त्याच आहेत.

जुन्या रिंगा असतील, ज्यांत स्क्रू थेट डायच्या आट्यांवर येतो, तर स्क्रूच्या खाली शिशाचा एक छर्रा टाक. आटे चेपत नाहीत आणि पकडही बसते. टेक्सासमधल्या जुन्या मंडळींकडून शिकलोय.

सग्वारो

धन्यवाद. रिंग कापलेलीच आहे, आडव्या स्क्रूची. अ‍ॅलन कीने आवळलेली आहे, काल पुन्हा तपासली. डायवर ती तसूभर हलत नाही.

टूलरूम_पिंपरी

मी आयुष्यात काडतूस भरलेलं नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, हे इथल्या पोरांनी आधी ध्यानात घ्यावं. पण डाय, बुश आणि प्रेस यांच्यात माझी छत्तीस वर्षं गेली, म्हणून लिहितो.

सग्वारो, तुमचा प्रयोग व्यवस्थित आहे. आकडे नीट बघा. उणे २, उणे २, उणे १, उणे १, शून्य, शून्य. झीज असती किंवा आट्यांतला खेळ असता, तर आकडे पुढेमागे नाचले असते. एकदा उणे ३, एकदा शून्य, मग पुन्हा उणे २. तुमचे एकाच बाजूला सरकताहेत. दर खेपेला थोडं थोडं वर. याचा अर्थ काहीतरी उकलतंय. कुठेतरी एक जोड दर फेरीला थोडा सुटतोय आणि परत येताना पूर्ण येत नाहीये.

आता किती सुटलं तर एवढा फरक पडेल ते पाहू. इंचात १४ आटे, म्हणजे डाय एक पूर्ण फेरा फिरली की ७१ थाऊ वरखाली होते. तीनशे साठ अंशांना ७१, तर १० अंशांना साधारण २ थाऊ. तुमची रिंग सव्वा इंच व्यासाची धरली, तर तिच्या कडेवर १० अंश म्हणजे पावणेतीन मिलिमीटर. बोटाच्या अर्ध्या नखाएवढं. हाताला ते कळत नाही, डोळ्याला तर नाहीच. आणि तुमची सात काडतुसं तेवढ्यात अडली.

बुश-डायच्या या गठ्ठ्यात तीन जोड आहेत. पहिला डाय आणि रिंग यांच्यातला. तो आवळलेला आहे असं तुम्ही म्हणता. दुसरा रिंग आणि बुश यांच्यातला, म्हणजे रिंग बुशच्या तोंडावर टेकते तिथे. तिसरा बुश आणि प्रेस यांच्यातला, ते तुटक दात. बहुतेक लोक पहिला आवळतात आणि काम झालं समजतात. रिंग डायला घट्ट आहे, पण रिंग बुशवर नुसती टेकलेली आहे की दाबून बसली आहे, याकडे कोणी पाहत नाही. ती नुसती टेकलेली असेल, तर डाय आणि रिंग हे दोन्ही मिळून एक बोल्ट झाले आणि बुश त्याचा सैल नट.

खेळाबद्दल पण सांगतो, कारण तो प्रश्न येणारच. आट्याला खेळ असतोच, नसेल तर नट बोल्टवर चढणारच नाही. पण रिंग बुशवर पान्ह्याने दाबून बसवली की ती डायला वर खेचते, आणि आट्यांची एक बाजू घट्ट टेकते. तुमची रॅमही डायला वरच ढकलते. म्हणजे खेळ ज्या दिशेने भरून निघायचा त्याच दिशेने तो आधीच भरलेला आहे. भार आला तरी डाय जागची हलणार नाही. आम्ही चेकनट लावतो तो याचसाठी.

परीक्षा सोपी आहे. सगळं बसवा. बारीक मार्करने एकच सरळ उभी रेघ ओढा, डायवरून रिंगवर, रिंगवरून बुशवर, बुशवरून प्रेसच्या डोक्यावर. मग नेहमीसारखं सहा वेळा काढा, सहा वेळा बसवा. नेहमीसारखंच, मुद्दाम जपून नको. रेघ कुठे तुटते ते सांगा. जिथे तुटली तो तुमचा जोड.

बुशचे दात चढाचे असतील, तर तिसऱ्या जोडाचंही तेच. दरवेळी अडेपर्यंत फिरवला नाही तर उंची बदलेल. फिरवताना अर्ध्यावर थांबू नका.

रंकाळा

काका, तुमचे प्रतिसाद वाचायला मजा येते. माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. मी कोल्हापूरचा, क्लबात ५० मीटरला .२२ मारतो. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य घेतलं तो आमचाच जिल्ह्याचा, तेव्हापासून मी नेमाने जातो. सरावानंतर झाडून गोळा केलेल्या रिकाम्या पुंगळ्यांचा ढीग पडतो. कायद्याचं समजलं. पण तिकडे अमेरिकेत तरी .२२ च्या पुंगळ्या परत भरतात का?

एरीकाठ

रंकाळा, नाही भरत. मोठ्या काडतुसाच्या बुडात मधोमध एक छोटी वाटी असते, तो प्रायमर. उडाला की ढकलून काढायचा, नवा घालायचा. .२२ मध्ये ती वाटीच नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाची जी दुमडलेली कड असते, तिच्या आत भरलेला असतो. पिन त्या कडेवर आपटते. एकदा कड चेपली की ती पुंगळी संपली, ती पितळाच्या भंगारातच जायची.

आता सग्वारो. मी ओहायोत, लेक एरीच्या काठी. कॅम्प पेरीला दर उन्हाळ्यात सर्व्हिस रायफलच्या स्पर्धेला जाते, आणि दर मोसमात काही हजार भरते. टूलरूम काकांनी सांगितलेली परीक्षा करच, माझंही तेच म्हणणं झालं असतं. चार गोष्टी माझ्या अनुभवाच्या.

एक. रिंग कधी आवळतोस? डाय हातात धरून, ओट्यावर ठेवून? तसं करू नकोस. बुश प्रेसमध्ये, डाय बुशमध्ये, एक पुंगळी शेलहोल्डरमध्ये (रॅमच्या डोक्यावरचा, पुंगळीचं बूड धरणारा तुकडा), रॅम पूर्ण वर, पुंगळी डायच्या पोटात. त्या स्थितीत, भार असताना, रिंग पान्ह्याने बुशवर दाब. भार नसताना बुशचे दात खाचांत किंचित खाली बसलेले असतात आणि भार आला की वर उचलले जातात. हातात केलेलं सेटिंग म्हणूनच प्रेसमध्ये गेल्यावर वेगळं निघतं. शिवाय भाराखाली डाय पुंगळीबरोबर आपोआप सरळ रेषेत येते.

दोन. पितळ दरवेळी थोडं परत उसळतं. तीनदा उडालेली पुंगळी आणि आठदा उडालेली पुंगळी एकाच डायमधून वेगळ्या मापाच्या निघतात, कारण उडून आणि दाबून पितळ कडक होत जातं. तू एकाच लॉटवर प्रयोग केलास म्हणून तुझे आकडे बोलके आहेत. लॉट मिसळशील तर बुशला उगाच दोष जाईल. वंगणाचंही तेच. एका पुंगळीला जास्त आणि एकीला कमी लागलं की एखादा थाऊ तिथेच जातो.

तीन, ही .३८ साठी. तुझी .३८ ची साइझिंग डाय कार्बाइडची असेल, म्हणजे वंगण न लावता चालणारी, तर रायफलच्या डायसारखी शेलहोल्डरवर दाबून बसवू नकोस. आतली कार्बाइडची कडी फार कठीण असते आणि तितकीच ठिसूळ. शेलहोल्डर तिच्यावर जोरात आदळला तर तडा जातो. कागदाच्या जाडीएवढी फट ठेव.

चार. दोन थाऊंसाठी दरवेळी डाय हलवायची नसेल, तर रेडिंगचे शेलहोल्डर मिळतात. पाचांचा संच, प्रत्येक २ थाऊंच्या पायरीने उंच, २ पासून १० पर्यंत. डाय एकदा शेलहोल्डरला टेकवून पक्की करायची आणि नेमकं माप शेलहोल्डर बदलून आणायचं. माझ्या .३०८ साठी मी गेली कित्येक वर्षं हेच करते.

बुशशिवायचा मार्ग हवाच असेल, तर इलिनॉयमधल्या लॅनार्क गावच्या फोर्स्टरची को-ॲक्स प्रेस आहे. तिच्यात डाय पिळायची नसते, लॉक रिंगसकट खाचेत सरकवायची. पण त्यासाठी चालू प्रेस काढून टाकायचं कारण मला दिसत नाही.

ब्रॅझोसकाठ

एरीकाठ ताई, .३५७ मॅग्नमबद्दल पण सांगा. एकाच संचाने .३८ आणि .३५७ दोन्ही भरतात ना?

एरीकाठ

हो, भरतात. गोळी एकाच व्यासाची. पुंगळीची लांबी मात्र वेगळी. .३८ स्पेशलची १.१५५ इंच, .३५७ ची १.२९०. फरक १३५ थाऊंचा, म्हणजे डाय जवळजवळ दोन फेरे वर घ्यावी लागते. काही संचांत त्यासाठी जाड वॉशर येते. बुशवाल्या प्रेसवर मी तर दोन सीटिंग डाय ठेवते, एक .३८ ची, एक .३५७ ची, दोन्हींचे बुश वेगळे. आणि दोघांवर रंगाने खूण, कारण दिसायला त्या सारख्याच असतात. .३५७ ची दारू .३८ च्या पुंगळीत गेली तर काय होईल ते मी इथे लिहीत बसत नाही. ओट्यावर एका वेळी दारूचा एकच डबा.

सग्वारो

मंडळी, सापडलं.

काल रात्री काकांनी सांगितलं तसं केलं. काळ्या मार्करने उभी रेघ, डायच्या डोक्यापासून प्रेसच्या लोखंडापर्यंत. मग काहीही वेगळं न करता काढलं, बसवलं, काढलं, बसवलं. सहाव्या खेपेनंतर टॉर्च लावून बघितलं. डाय आणि रिंग यांच्यातली रेघ अखंड. बुश आणि प्रेस यांच्यातली अखंड. रिंग आणि बुश यांच्यामध्ये रेघ तुटलेली. वरचा तुकडा उजवीकडे सरकलेला. पट्टी लावली, जेमतेम तीन मिलिमीटर. काका, तुम्ही पावणेतीन म्हणाला होतात. मी ओट्यापाशी बराच वेळ नुसता उभा होतो.

पण *का* सरकतंय हे कळेना. म्हणून स्वतःच्या हाताकडे बघत एकदा सावकाश काढलं. मी बुश धरत नव्हतो. डायच्या वरच्या भागाला, रिंगच्या जागी पकडून फिरवत होतो, कारण तिथे हात सहज पोचतो. बुश सोडवायचा तर घड्याळाच्या उलट्या दिशेने. डाय आट्यांतून उकलायची तीसुद्धा घड्याळाच्या उलट्याच दिशेने. म्हणजे माझ्या एकाच झटक्यात दोन गोष्टी सुटू पाहत होत्या आणि ज्याची पकड कमी तो आधी सुटत होता. रिंग बुशवर नुसती टेकलेली होती, म्हणून आधी डाय थोडी उकलायची आणि मगच बुश हलायचा. बसवताना बुश सहज फिरतो, अजिबात अडत नाही, म्हणून गेलेले ते दोन-तीन अंश परत यायचे नाहीत. सगळं एकाच दिशेला.

आणि बुश काढताना अडत का होता? प्रेसच्या तोंडात, त्या खाचांमध्ये, उडालेल्या प्रायमरची काळी राख आणि पितळेचा बारीक कीस साचला होता. कापडाच्या चिंधीवर तो चॉकलेटी होऊन आला. दोन वर्षांत मी ती जागा एकदाही पुसली नव्हती. ती पुसली, बुशच्या ओ-रिंगला अगदी पुसट वंगण लावलं.

मग ताईंनी सांगितलं तसं. पुंगळी आत, रॅम वर, दांडा खाली दाबून धरलेला. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने पान्हा. पान्ह्याने रिंग बुशवर दाबली. खाटकन एक बारीक आवाज झाला आणि रिंग बसली. तो आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता, म्हणजे ती दोन वर्षं कधी नीट बसलीच नव्हती. मग पुन्हा मोजून, पुन्हा थोडं फिरवून, दोनदा तेच करून उणे २ वर आणलं. आडवा स्क्रू शेवटी.

दहा वेळा काढलं, दहा वेळा बसवलं, प्रत्येक वेळी बुशच्या कडेला धरून. दहा पुंगळ्या. नऊ वेळा उणे २, एकदा उणे १. माझ्या डिजिटल कॅलिपरचाच एक थाऊ इकडेतिकडे असतो, तेव्हा त्या एकाबद्दल माझी तक्रार नाही.

मग बाकीच्या डायपण बघितल्या. .३८ ची सीटिंग डायही उकललेली निघाली. गेल्या काही आठवड्यांची काडतुसं पाच-सहा थाऊ लांब भरली गेली होती. रिव्हॉल्व्हरमध्ये ती खपून गेली, म्हणून लक्षात आलं नाही. गोळी आत जास्त गेली असती तर दाब वाढला असता. वर राहिली हे नशीब, आणि नशिबावर सोडायची ही गोष्ट नाही. .३८ ची साइझिंग डाय कार्बाइडचीच आहे. फट होती, पण मी मोजली नव्हती. आता कागद घालून ठेवली.

आजपासून डाय बदलली की पहिली पुंगळी मोजायचीच. शुक्रवारचं तेच रविवारी, असं धरून चालणार नाही. वेळ किती जातो? चाळीस सेकंद. घड्याळ लावून बघितलं.

टूलरूम_पिंपरी

उत्तम. रेघ तुटली की वाद मिटला. तुम्ही स्वतःच्या हाताकडे बघितलंत हे विशेष. आमच्याकडे नवीन पोरगं डाय वाकडी बसवायचं तेव्हा आम्ही आधी पोराचा हात बघायचो, मग डाय.

एक विचारतो. पान्ह्याने रिंग दाबताना बुश कशाने धरला होता? बुश प्रेसमध्ये अडेपर्यंत फिरलेला असेल तरच रिंगवर दाब येईल. नाहीतर तुम्ही सगळा गठ्ठाच फिरवत बसाल आणि आवाज येईल तो बुश अडल्याचा.

सग्वारो

काका, बुश अडेपर्यंत फिरवलेला होता आणि त्यावर खूण होती, ती हलली नाही. बसवायची दिशा आणि रिंग आवळायची दिशा एकच आहे, त्यामुळे बुश प्रेसमध्येच आपोआप अडून राहतो. म्हणूनच ते एका हाताने जमलं.

रंकाळा

दादा, मग ती सात काडतुसं?

सग्वारो

गोळ्या आधीच उपसल्या होत्या. पुंगळ्यांतला प्रायमर अजून जिवंत होता, म्हणून डायमधली प्रायमर ढकलून काढणारी पिन आधी उतरवली, चष्मा घातला, आणि सातही पुंगळ्या पुन्हा साइझ केल्या. सगळ्या उणे २. दारू नवीन मापून घातली. परवा सकाळी, ऊन चढायच्या आत, रेंजवर जाऊन आलो. ती सात धरून चाळीस मारली. सातही वेळा बोल्टची दांडी एका बोटाने खाली आली. दर वेळी बोल्ट बंद करताना श्वास अडकत होता, खोटं कशाला बोलू.

गट कसा पडला ते सांगायची गरज नाही, वारा होता.

रेघेचं एक राहिलं. मार्कर वंगणाने पुसला जातोय. काल पाचही बुशवर मुलीच्या जांभळ्या नेलपेंटने रेघा ओढल्या. तिने स्वतः ब्रश धरला, मी डाय धरली.

टूलरूम_पिंपरी

नेलपेंट चांगलं टिकतं. पण आधी ती जागा थिनरने पुसून कोरडी केली होती का? तेलावर लावलं असेल तर महिन्यात पोपडा निघेल आणि तुम्हाला वाटेल रेघ तुटली. दारूचे डबे आत बंद करून, दार उघडं ठेवून पुसा आणि पुन्हा ओढा. मुलीला सांगा, रेघ पातळ हवी. जाड रेघेत एक थाऊ लपतो.